वेंदात क्रियापदांचे उपसर्ग: नवशिक्यांनी कुठून धरायचं, कुठे सांभाळायचं

वेंदात ही उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भाषा शिकायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा शब्दकोशातच अडतो. समोर एक शब्द असतो. त्याचं पहिलं अक्षर पाहून तो कोशात शोधायला जावं, तर तिथे नसतो. याचं कारण असं की वेंदात क्रियापद उपसर्गाशिवाय कधीच बाहेर पडत नाही आणि जुने मोठे कोश मात्र उपसर्ग काढून उरलेल्या धातूच्या क्रमाने लावलेले आहेत. म्हणजे उपसर्ग सोलता येत नसतील तर कोशाचा उपयोग नाही. मी ही भाषा घरी बसून, कामचलाऊ फ्रेंचच्या आधाराने शिकते आहे. या वाटेवर निघणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून हा लेख.

ओळखीपुरतं सांगते. वेंदात ही इरोक्वॉय कुटुंबाच्या उत्तरेकडच्या शाखेतली भाषा. तिच्या बोलणाऱ्यांना फ्रेंचांनी ‘ह्युरॉन’ म्हटलं. सतराव्या शतकात ते आजच्या ओंटारियोत, जॉर्जियन उपसागराच्या काठी राहत. साथी आणि लढाया यांनी 1649-50 मध्ये तो देश मोडला. काही लोक क्युबेकजवळ गेले, तिथलं वेंदाके गाव आजही आहे. काही पश्चिमेकडे सरकत शेवटी ओक्लाहोमा, कॅन्ससपर्यंत पोचले. त्यांच्या बोलीला वायंडॉट म्हणतात. वेंदाकेत रोजच्या बोलण्यातून भाषा एकोणिसाव्या शतकात गेली. ती परत आणण्याचं काम मात्र जोरात चालू आहे: 2007 मध्ये वेंदात राष्ट्र आणि लाव्हाल विद्यापीठ यांनी मिळून ‘यावेंदा’ नावाचा प्रकल्प सुरू केला.

जवळ काय ठेवावं

- वेंदात राष्ट्राने तयार केलेलं आजचं शिक्षणसाहित्य. सुरुवात इथूनच करावी.
- मेगन लुकानिएक या वेंदात भाषाशास्त्रज्ञ बाईंचा 2018 चा पीएच.डी. प्रबंध. विषयच वेंदात क्रियापदाची रचना हा आहे. अवघड आहे, पण पाहिजे.
- जेझुइट धर्मगुरू पिएर पोतिए यांनी अठराव्या शतकात लिहून ठेवलेल्या व्याकरणाची आणि धातुसूचीची छापील प्रतिकृती. ओंटारियोच्या अभिलेखागाराने ती 1920 मध्ये काढली. व्याकरण लॅटिनमध्ये, अर्थ फ्रेंचमध्ये.
- फ्रेंच-मराठी किंवा फ्रेंच-इंग्रजी कोश. फ्रेंच टाळता येत नाही.
- मोहॉक या बहिणीच्या भाषेचं एखादं व्याकरण. वेंदात रूप कळेनासं झालं की मोहॉक रूप पाहून वाट सापडते.
- आखीव वही. तिरंगी पेन असेल तर उत्तम.

गेब्रिएल सागार या मिशनऱ्याचा 1632 चा छापील कोश नेटवर सहज मिळतो म्हणून सगळे आधी तोच उघडतात. तो सुरुवातीला नको. त्यात धातू नाहीत, अख्खी वाक्यं आहेत: प्रवाशाला उपयोगी पडतील अशी. एकच क्रियापद दहा ठिकाणी दहा माणसांच्या तोंडी येतं आणि उपसर्ग कुठे संपला हे सांगायला कोणी नसतं.

1. आधी लिहिण्याची पद्धत समजून घ्या

जेझुइटांनी रोमन अक्षरांत ग्रीक अक्षरं मिसळली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं दिसणारं एक चिन्ह भेटेल. ते म्हणजे ग्रीक ओमिक्रॉनवर बसवलेलं उप्सिलॉन. त्याचा उच्चार ‘व’ किंवा ‘उ’. नंतरच्या छपाईत तिथे चक्क आठचा आकडाच टाकलेला दिसतो. ‘थ’साठी ग्रीक थीटा असतो. ‘य’च्या जागी नुसता स्वल्पविरामासारखा फराटा असतो आणि तोच नवशिक्याच्या नजरेतून सुटतो. हा फराटा सुटला तर उपसर्गच सुटला, कारण सर्वांत जास्त वापरातल्या उपसर्गांत ‘या-’ आहे.

दुसरी गोष्ट, कंठात श्वास अडवून होणारा ध्वनी. आजच्या लेखनात तो वरच्या स्वल्पविरामाने दाखवतात. जुन्या लिखाणात तो अनेकदा लिहिलेलाच नसतो. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून या लेखातली रूपं अंदाजे समजा आणि वहीत उतरवताना मूळ रोमन लेखन पाहून उतरवा.

एक सोय आहे. ब्रेबफ या जेझुइटाने 1636 च्या वार्तापत्रात नोंदवून ठेवलंय की या लोकांच्या बोलण्यात ओठ मिटून होणारे ध्वनी नाहीत. त्यामुळे एखाद्या ‘वेंदात’ शब्दात प, ब किंवा म दिसला तर तो शब्द दुसरीकडून आलेला आहे असं समजून पुढे जा.

2. पुरुष-उपसर्ग शोधा, तो असतोच

शाळेत ‘उपसर्ग’ म्हणून प्र, परा, अप, सम् पाठ केलेले असतात. ती कल्पना बाजूला ठेवा. वेंदातमधले उपसर्ग करतात ते काम मराठीत क्रियापदाच्या शेपटाकडे होतं. ‘जातो, जाते, जातेस’ यांत कोण जातं हे आपण शेवटी सांगतो. वेंदात ते आरंभी सांगते.

हे सांगणाऱ्या तुकड्याला मी पुरुष-उपसर्ग म्हणते. तो प्रत्येक क्रियापदात असतो. बाकीचे उपसर्ग असतील किंवा नसतील. म्हणून शब्द डावीकडून वाचत बसू नका. आधी पुरुष-उपसर्ग शोधून त्याखाली रेघ मारा, मग त्याच्या डावीकडे काय आहे आणि उजवीकडे काय आहे ते बघा. या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

सुरुवातीला ओळखायला सोपे असे काही:

- हा- : तो (पुरुष, एकटा)
- या- : ती (स्त्री किंवा प्राणी), तसंच निर्जीव ‘ते’
- ए- : कोणीतरी, लोक
- हाती- : ते सगळे (पुरुष, किंवा ज्यांत पुरुष आहे असा गट)
- आती- : त्या सगळ्या

‘हाती’ आणि ‘आती’ यांत फरक फक्त ‘ह’चा. फ्रेंच लिखाणात हा ‘ह’ कधी असतो, कधी नसतो. न्यूट्रल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेजारच्या राष्ट्राला वेंदात लोक आत्तिवांदारोंक म्हणत. ‘ज्यांची बोली किंचित वेगळी आहे ते’ असा त्याचा अर्थ जेझुइटांनी दिलाय. गंमत म्हणजे ते लोकही वेंदातांना हेच म्हणत. वेंदातांच्या स्वतःच्या संघातलं अस्वल-राष्ट्र आत्तिन्यावांतान. या नावांच्या आरंभीचा ‘आत्ति’ म्हणजे हाच अनेकवचनी उपसर्ग. तेव्हा जुन्या कागदावर ‘आती’ दिसलं म्हणून लगेच ‘त्या बायका’ असं ठरवू नका.

मिश्र गटाबद्दल आपली सवय आड येते. मराठीत मुलगे-मुली मिळून ‘ती मुलं आली’, म्हणजे नपुंसकलिंग. वेंदातमध्ये गटात एक जरी पुरुष असला तरी पुल्लिंगी उपसर्ग.

दोन बाबतींत मात्र मराठी माणसाला फायदा आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद वेंदातमध्ये उपसर्गांत आहे. इंग्रजी किंवा फ्रेंचमधून येणारे इथे चाचपडतात, आपल्याला तो समजावून द्यावा लागत नाही. आणि द्विवचन वेगळं आहे. ब्रेबफला ते पाहून ग्रीक आठवली. आपल्यापैकी ज्यांनी आठवीत ‘पठति, पठतः, पठन्ति’ म्हटलंय त्यांनी तोच तक्ता आखावा: एक, दोन, अनेक.

3. कर्ता की भोक्ता, हे ठरवा

पुरुष-उपसर्गांचे दोन संच आहेत. एक कर्त्याचा, दुसरा ज्याच्यावर काही घडतं त्याचा. दुसऱ्याला मी भोक्ता म्हणते. कर्ता असेल तर ‘तो’ म्हणजे हा-, भोक्ता असेल तर हो-. अनेकवचनात हाती- आणि होती-. ‘तू’चा भोक्ता सा-.

मराठीत ‘मी धावते’ पण ‘मला झोप येते’, ‘मी बोलते’ पण ‘मला आठवतं’. दुसऱ्या प्रकारात आपण स्वतःला कर्तेपणातून बाजूला काढतो. वेंदातमध्ये काही धातू असेच स्वभावतः भोक्ता संच घेतात. पण मराठीत ‘मला’ येतं तिथे वेंदातमध्ये भोक्ता येईलच, असा हिशेब करू नका. कोणता धातू कोणता संच घेतो हे धातूबरोबरच पाठ करावं लागतं. वहीत प्रत्येक धातूपुढे ‘क’ किंवा ‘भ’ लिहायची सवय लावा.

याहून महत्त्वाचं असं. स्वभावतः कर्ता घेणारा धातूसुद्धा ‘करून झालंय’ अशा अर्थाच्या रूपात भोक्ता संचाकडे जातो. ऐकायला विचित्र वाटेल, पण आपण रोज हेच करतो: ‘तो आंबा खातो’, पण ‘त्याने आंबा खाल्ला’. काम पुरं झालं की कर्त्याचं रूप पालटतं. त्यामुळे ओळखीच्या धातूवर अचानक हो- दिसला तर धातू बदललाय असं समजू नका. आधी शब्दाच्या शेवटचा प्रत्यय बघा.

4. दोन माणसं, एक उपसर्ग

इथे खरी मेहनत आहे. ‘मी तुला पाहते’, ‘तो मला पाहतो’, ‘ते त्याला पाहतात’ या तिन्हींत पाहणारा आणि पाहिला जाणारा दोघं एकाच उपसर्गात असतात. तो उपसर्ग बऱ्याचदा फोडता येत नाही. ‘मी’चा तुकडा इथे, ‘तुला’चा तिथे, असं दाखवायला गेलात की हिशेब बिघडतो. सगळे संच मिळून उपसर्गांची संख्या पन्नासच्या वर जाते, ती यामुळेच.

तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर ओझं कमी होतं.

पहिली: कर्म निर्जीव वस्तू असेल तर ती उपसर्गात दिसत नाही. ‘तो दगड पाहतो’ याला साधा हा- पुरतो. जोड-उपसर्ग लागतात ते दोन्ही बाजूंना माणसं असली की.

दुसरी: हो- हा एकच उपसर्ग ‘तो’चा भोक्ता म्हणूनही येतो आणि ‘तो त्याला’ म्हणूनही. दोन्हींतलं कोणतं, हे धातूवरून आणि संदर्भावरून ठरवावं लागतं.

तिसरी: मोठा तक्ता करा. उभ्या रकान्यात करणारे, आडव्या ओळीत ज्याच्यावर केलं जातं ते. सगळ्या चौकटी एकदम भरायच्या नाहीत. वाचनात जे रूप भेटेल ते त्याच्या चौकटीत, वाक्यासकट. पोतिएच्या व्याकरणातून सगळा तक्ता एका बैठकीत उतरवणाऱ्यांना दुसऱ्या आठवड्यात त्यातलं काही आठवत नाही, असं मी अनेकांचं पाहिलंय.

नातेवाचक शब्दही याच रीतीने चालतात. ‘बाप’ असा सुटा शब्द नाही. कोणाचा कोण हे उपसर्गात सांगावंच लागतं. ब्रेबफची यावरून झालेली पंचाईत प्रसिद्ध आहे. ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे वाक्य वेंदातमध्ये सरळ येईना. मग 1636 मध्ये त्याने वरिष्ठांना विचारलं की ‘आमच्या पित्याच्या, त्याच्या पुत्राच्या आणि त्यांच्या पवित्र आत्म्याच्या नावाने’ असं म्हटलं तर चालेल का. धर्मशास्त्राचा प्रश्न उपसर्गाने उभा केला होता!

5. डावीकडे सरका: झालं, होईल, व्हावं

क्रियापदाच्या शेवटी येणारा प्रत्यय सांगतो की गोष्ट नेहमीची आहे, स्थिती आहे की एकदाच घडणारी घटना आहे. घटना असेल तर पुरुष-उपसर्गाच्या डावीकडे तीनपैकी एक उपसर्ग लागतोच: घडलं, घडेल किंवा घडावं. आज्ञार्थात तो लागत नाही, शेवटचा प्रत्ययही लागत नाही. म्हणून आज्ञार्थी रूपं आखूड असतात आणि नवशिक्याने धातू ओळखायला तीच आधी घ्यावीत.

याचं उदाहरण जगभर गायलं गेलंय. ब्रेबफच्या नावावर असलेलं सतराव्या शतकातलं नाताळगीत ‘येसूस आहातोंनिया’, म्हणजे ‘येशू जन्मला’. यातलं क्रियापद सोडवू.

पुरुष-उपसर्ग शोधा: हा-, म्हणजे ‘तो’. त्याच्या डावीकडे आ-, घडलेल्या घटनेचा. उजवीकडे ‘आत’ हा तुकडा. तो क्रिया करणाऱ्याकडेच वळवतो. मग धातू ‘ओंनि’, बनवणे. शेवटी घटनेचा प्रत्यय. सगळं मिळून ‘तो घडला, जन्मला’.

हा- आणि आत- जोडताना दोन ‘आ’ मिळून एकच उरलाय, हे पाहिलंत? सांध्यावर स्वर गिळला जातो. शब्द कागदावर सरळ कापून तुकडे पडणार नाहीत. कुठला स्वर कोणाचा हे मनाने परत भरावं लागतं. म्हणूनच पोतिएने धातू त्यांच्या आरंभीच्या ध्वनीप्रमाणे गटांत लावले. पुढे ‘आ’ आहे, ‘ए’ आहे, ‘इ’ आहे, ‘ओ’ आहे की व्यंजन, यावर आधीच्या उपसर्गाचं रूप ठरतं.

या गीतावर सराव करणाऱ्यांना एक इशारा. त्याचं प्रसिद्ध इंग्रजी गाणं 1926 मध्ये लिहिलं गेलं. ते वेंदात शब्दांचं भाषांतर नाही. ते शेजारी ठेवून वेंदात ओळी उलगडायला गेलात तर प्रत्येक ओळीला चुकाल.

6. उरलेले बाहेरचे उपसर्ग

यांची यादी छोटी आहे. ते- म्हणजे द्वित्व: दोन वस्तू, दोन बाजू, पण कित्येक धातूंवर तो कायमचा बसलेला असतो आणि तिथे ‘दोन’ शोधू नये. त- म्हणजे इकडे, बोलणाऱ्याच्या दिशेने. स- म्हणजे पुन्हा, परत. दूर तिकडे जाण्याचा वेगळा आहे, नकाराचा वेगळा. त- आणि स- पुरुष-उपसर्गाच्या अगदी लगत येतात आणि दोघं एकत्र येत नाहीत. इतकं सुरुवातीला पुरे.

यांतले दोन अंकांमध्ये दिसतात. एक म्हणजे ‘स्कात’: स-, मग निर्जीवाचा का-, मग धातू. दोन म्हणजे ‘तेंदि’, त्यात आरंभी तेच ते-. सागारच्या कोशात हाच अंक ‘तेनि’ असा आहे. नंतरच्या लिखाणात ‘न’च्या जागी ‘न्द’ येतो. दोन्ही रूपं बरोबर आहेत, काळ आणि बोली वेगळी.

‘स्कात’मध्ये या- न येता का- का आला? शब्दाच्या आरंभी जुना ‘क’ वेंदातमध्ये ‘य’ झाला. शेजारच्या भाषेतल्या ‘कानाता’ला, ज्यावरून कॅनडा हे नाव आलं, वेंदातमध्ये ‘यांदाता’ म्हणतात: गाव. पण आधी स- आला की तो ‘क’ टिकतो. म्हणजे डावीकडे काही जोडलं की पुरुष-उपसर्गाचा चेहरा बदलतो. तक्त्यात प्रत्येक उपसर्गाची दोन रूपं लिहायला जागा ठेवा.

7. नेहमी फसवणाऱ्या जागा

स- हा ‘पुन्हा’चा आहे आणि ‘तू’चाही आहे. त्याच्यामागे दुसरा पुरुष-उपसर्ग दिसला तर तो ‘पुन्हा’. नाही दिसला तर ‘तू’.

ते- द्वित्वाचा आहे आणि नकाराचाही जुन्या लिखाणात तसाच दिसतो, कारण नकारातला कंठ्य अडथळा लिहिलेला नसतो. जवळपास ‘स्तान’ हा शब्द आहे का पाहा. असेल तर नकार.

‘घडलं’ आणि ‘घडावं’ या दोघांचंही जुन्या कागदावर नुसतं ‘आ’ उरू शकतं. तिथे वाक्याचा अर्थच पाहावा लागतो.

नामांनाही आरंभी या- किंवा ओ- लागतो. ‘यावेंदा’, म्हणजे वाणी, यातल्या या- ला ‘ती’ समजून क्रियापद शोधत बसू नका.

आणि उपसर्ग संपला की लगेच धातू येतो असंही नाही. मध्ये नाम बसू शकतं. 1636 ते 1648 न्यू फ्रान्सचा गव्हर्नर असलेल्या माँमान्यीच्या नावाचा अर्थ ‘मोठा डोंगर’. वेंदातांनी तो समजून घेऊन त्याला ‘ओन्नोंत्यो’ म्हटलं: डोंगराचं नाम पुढे, ‘मोठा, सुंदर’ असा अर्थ देणारा धातू मागे. पुढे प्रत्येक फ्रेंच गव्हर्नर ओन्नोंत्योच झाला. ‘ओंटारियो’च्या शेवटी असलेला तुकडा तोच, तिथे आधी सरोवर आहे. कोशात धातू सापडत नसेल तर पुढच्या तुकड्यात नाम दडलंय का, हे तपासा.

8. वापरण्याआधी

या पद्धतीने शब्द सोडवणं आणि नवीन शब्द बनवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तक्ता भरला की मुलांची नावं, घराच्या पाट्या, गोंदण यांसाठी रूपं जुळवायचा मोह होतो. ते करू नका. नावं ही वेंदात समाजात कुळांची असतात, आणि कोणतं नवं रूप चालवायचं हे वेंदाकेतले लोक ठरवत आहेत. त्यांच्या साहित्यातलं रूप आणि तुम्ही पोतिएवरून काढलेलं रूप जुळलं नाही, तर वहीत त्यांचं आधी लिहा, आपलं कंसात.

सरावासाठी नाताळगीताची पहिली दोन कडवी घ्या. प्रत्येक क्रियापदात पुरुष-उपसर्गाखाली लाल रेघ, डावीकडच्याखाली निळी, धातूखाली काळी. लाल रेघ जिथे मारता येत नाही तो शब्द सोडून पुढे जा आणि तक्त्यात आणखी चार चौकटी भरल्या की त्याच्याकडे परत या.